जारचं पाणी वापरायचं

सिस्टरनी मास्तरांना पाणी पाजून मारलं, असं आमच्या इमारतीत म्हणतात. जिन्यात म्हणतात, वाण्याच्या दुकानात म्हणतात. म्हणताना थोडं हसतातही.

मीही पहिल्यांदा ऐकलं ते जिन्यातच. तोपर्यंत सिस्टर परत आल्याचंही मला माहीत नव्हतं.

सिस्टर नर्स नव्हत्या. एका लहान दवाखान्यात त्या बरीच वर्षं आया होत्या. तिथं बघून बघून शिकल्या. पाठीला जखम होऊ नये म्हणून माणसाला कुशीवर कसं वळवायचं, कवळी कशात भिजत घालायची, हट्टी म्हाताऱ्याच्या घशाखाली गोळी कशी उतरवायची, हे त्यांना येत होतं. दवाखाना बंद पडला. सिस्टर हे नाव तेवढं राहिलं. मग त्या मास्तरांकडे लागल्या.

मास्तर म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले स्टेशनमास्तर. बायको कधीच गेलेली. पक्षाघातानं डावी बाजू लुळी पडली होती, तोंड मात्र शाबूत होतं. मी समोरच्या खोलीत भाड्यानं राहते. त्यांची नजर कमी झाली तशी मी दुपारी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायला जाऊ लागले.

"काय गं," सिस्टर मला विचारायच्या, "मराठीत एम.ए. केलंस म्हणजे नक्की काय केलंस? मराठी तर तुला आधीच येत होतं."

"अहो, तिला येत होतं, पण सरकारला माहीत नव्हतं," मास्तर पलंगावरून म्हणायचे.

"तुम्ही गप्प बसा. गोळी गिळलीत का?"

"गिळली."

"जीभ दाखवा."

मास्तर जीभ दाखवायचे. गोळी जिभेखाली असायची.

सिस्टरचा दिवस पाण्यानं सुरू व्हायचा. सकाळी नळाला पाणी आलं की आदल्या दिवशीचं सगळं पाणी त्या ओतून टाकायच्या, हंडा घासायच्या आणि फडक्यानं गाळून ताजं भरायच्या. ते प्यायचं. पिंपात साठलेलं असायचं ते वापरायचं. भांडी, कपडे, मास्तरांचं अंग पुसणं, सगळं पिंपातल्या पाण्यावर. या दोन पाण्यांची सरमिसळ केलेली त्यांना खपत नसे. मी एकदा चुकून पिंपात तांब्या बुडवून प्यायले, तर माझ्या हातातला तांब्या काढून घेतला.

"ते वापरायचं पाणी आहे. कालचं. शिळं अन्न एक वेळ चालेल, शिळं पाणी माझ्या घरात कुणी प्यायचं नाही."

"तुमच्या घरात?" मास्तर म्हणाले. "घर अजून माझ्या नावावर आहे, सिस्टर."

"राहू दे की नावावर. चालवतं कोण?"

मास्तरांची मुलगी परदेशात असते. तिला सगळे ताई म्हणतात. ती दरवर्षी बोलवायची आणि मास्तर दरवर्षी नाही म्हणायचे. त्या वर्षी ती हटून बसली. एकदा तरी माझं घर बघा, बाबा. सिस्टरनाही घेऊन या, दोन्ही तिकिटं मी काढते.

मास्तर तयार झाले, पण अट घातली. त्या वेळी मी समोर बसले होते.

"सिस्टर, मी येतो. पण मरायला मला हाच पलंग पाहिजे. ती पोरगी रडेल, ठेवून घ्या म्हणेल. तुम्ही ऐकायचं नाही. मला परत आणायचं."

"आणीन. धडधाकट आणीन."

"धडधाकट मी जातानाच नाहीये. आहे तसा आणा."

"आणते म्हटलं ना एकदा!"

सिस्टर सहसा शब्द देत नसत. त्यांच्या कामात शब्द देता येत नाही, असं त्याच म्हणायच्या. हा एक दिला.

पुढचं मी पाहिलेलं नाही. परत आल्यावर सिस्टरनी त्यांच्या खोलीवर मला सांगितलं ते असं.

पोचले त्या दिवशी सगळं ताईच बघत होती. फ्रिजमधली बाटली काढून पाणीही तीच देत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईला आणि जावयाला कामासाठी दुसऱ्या गावी जायचं होतं. टळणारं नव्हतं. एक रात्र राहून परत येणार होते. खाणं डब्यांत भरून ठेवलं होतं. खाली गाडी उभी होती आणि जावई हाका मारत होता. ताई एका पायात बूट घालून दारात उभी होती. तिथूनच म्हणाली, "सिस्टर, जारचं पाणी वापरायचं हं. नळाला जपून."

आणि गेली.

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाण्याचे मोठे जार होते, झाकणाला प्लास्टिक लावलेले. सिस्टरनी त्यावर बोट फिरवलं. धूळ होती. म्हणजे बरेच दिवस भरून ठेवलेलं पाणी. ताई बोलली ते त्यांना लगेच पटलं. साठवलेलं आहे, वापरायचं आहे. नळाला जपून म्हणाली, कारण नळाला एकदम कढत पाणी येत होतं. कालच त्यांचा हात भाजता भाजता वाचला होता.

"तुम्हाला शंका नाही आली?" मी विचारलं. "सीलबंद पाणी, आणि भांडी घासायला?"

"आली ना. पण म्हटलं, यांचं सगळंच उलटं. गाडीसुद्धा उलट्या बाजूला बसून चालवतात."

त्यांनी जारच्या पाण्यानं भांडी घासली. मास्तरांचे कपडे धुतले. मास्तरांचं अंग पुसलं. नळ वाहता ठेवून पाणी थंड होऊ दिलं, मग प्यायला भरलं, ताजं. मास्तर भांडंभर प्यायले.

"पाणी गोड आहे हो इथलं," म्हणाले.

रात्री पोट बिघडलं. सकाळपर्यंत उलट्या सुरू झाल्या. सिस्टरच्याही पोटात कळा येत होत्या, पण स्वतःकडे बघायची त्यांना सवय नव्हती. मास्तरांचे ओठ सुकले. सिस्टरनी त्यांच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. याचा अर्थ त्यांना दवाखान्यापासून माहीत होता. त्यांनी साखर-मीठ-पाणी केलं. पाणी उकळून घेणार होत्या, पण शेगडी काचेची, सपाट. बोट ठेवलं की टुंई वाजायची आणि कुलपाचं चित्र यायचं. मग तसंच केलं, नळाच्या पाण्यात. चमच्या-चमच्यानं पाजत बसल्या. मास्तर जेवढे सुकत, तेवढं त्या जास्त पाजत.

मास्तरांच्या फोनवरून त्यांनी ताईला फोन लावला. ताई हळू आवाजात बोलली. मीटिंगमध्ये होती.

"अहो, प्रवासानं बिघडतं पोट. घाबरू नका. भरपूर पाणी द्या."

"देतेय."

"आणखी द्या."

 

ताईनं इमारतीत ज्यांना फोनवरून सगळं सांगितलं, त्यांना हे ‘आणखी द्या’ सांगितलं नाही. सिस्टरनीही कुणाला सांगितलं नाही. मी कारण विचारलं.

"पोरीचा बाप गेला. वरून हेही तिच्या पदरात घालू?"

दुपारी सिस्टर घाणीचे कपडे घेऊन बाहेर आल्या, कुठे टाकायचे ते बघायला. जिना पुसणारी बाई होती. कपडे बघून तिनं नाक दाबलं, मग सिस्टरचा चेहरा बघितला आणि नाकावरचा हात काढला. पोटावर हात ठेवून विचारलं. सिस्टरनी मान हलवली. तेव्हा त्या बाईनं सिस्टरना दंडाला धरून लिफ्टपाशी नेलं. तिथं एक कागद लावला होता. त्यावर नळाचं चित्र, खाली पेला, आणि पेल्यावर लाल फुली.

सिस्टरनी तो कागद आल्या दिवशीच बघितला होता. काचेचे पेले घेऊन लिफ्टमध्ये चढू नये, असं काहीतरी असेल, असं त्यांना वाटलं होतं.

त्या धावत घरात आल्या. जार उपडे करून बघितले. कोरडे होते. फ्रिजमधल्या बाटलीतलं त्यांनी शिळं म्हणून कालच ओतून दिलं होतं. शेवटच्या जारच्या पाण्यानं त्यांनी त्याच सकाळी चादर धुतली होती.

मास्तर डोळे मिटून पडले होते. "पाणी," म्हणाले.

"आणते. हालू नका."

"हालतोय कुठे?"

ताईनं अडीअडचणीला ठेवलेल्या नोटा घेऊन त्या रस्त्यावर आल्या. दुकानं होती, पण बुटांची, चष्म्यांची, केस कापायची. कुणाला विचारायचं आणि कसं? त्यांनी आपल्याकडे करतात तसं केलं. मूठ वळली, अंगठा तोंडाकडे नेला आणि मान मागे टाकली.

एक बाई रस्ता ओलांडून पलीकडे गेली. दोन तरुण हसले. त्यातल्या एकानं हात धरून अगदी अदबीनं त्यांना कोपऱ्यावरच्या दारापर्यंत नेलं आणि दार उघडून धरलं. आत अंधार होता, उंच स्टुलं होती आणि मागच्या भिंतीवर बाटल्याच बाटल्या. दारूचा गुत्ता. पदर खोचलेल्या, हाताला घाणीचा वास असलेल्या सिस्टर मधोमध उभ्या. सगळे बघायला लागले.

"लाज वाटली असेल," मी म्हटलं.

"लाजायला वेळ कुणाला होता?"

गल्ल्यावरच्या माणसानं एक बाटली पुढे केली. वास घेतला, दारू. दुसरी, दारू. मग सिस्टरनी डोळ्यांतून गालावर बोटं ओढून दाखवली. आसवं. पाणी. त्यांना दुसरं काही सुचलं नाही. तो माणूस हसायचा थांबला आणि त्यानं खालून एक पारदर्शक बाटली काढली. सिस्टरनी सगळ्या नोटा त्याच्यासमोर ठेवल्या. त्यानं घेतल्या की नाही, त्यांना आठवत नाही.

घरी येऊन बूच फिरवलं, तर फस्सकन फेस आला. पाणीच होतं ते, पण सोड्यासारखं. अशा पोटात फेस कसा घालायचा? त्यांनी ते भांड्यात ओतलं आणि चमच्यानं ढवळत बसल्या. फेस मरेना. मास्तर पाणी पाणी करत होते आणि त्या पलंगाशेजारी बसून पाणी ढवळत होत्या. शेवटी एक चमचा त्यांनी ओठांत सोडला.

मास्तरांनी तोंड वाकडं केलं. "हे पाणी चावतं हो, सिस्टर."

त्यानंतर ते नीट काही बोलले नाहीत.

संध्याकाळी ताई आली, रुग्णवाहिका आली. डॉक्टरांनी प्रयत्न केले. वय, हृदय, अंगातलं पाणी गेलेलं. मास्तरांनी तिथंच डोळे मिटले आणि तिथंच सगळं उरकलं. इकडे आणणं फार अवघड आहे, असं जावई म्हणाला. सिस्टर एकदाच बोलल्या, की मी शब्द दिलाय त्यांना. जावई म्हणाला, "सिस्टर, प्लीज."

दवाखान्याच्या व्हरांड्यात ताईनं त्यांना विचारलं होतं, "जार कुठे गेले?"

"संपले."

"एवढे? कशात?"

"वापरले."

"कशाला वापरले?"

"वापरायलाच. भांडी, कपडे."

"अहो, मी सांगून गेले होते ना, जारचं वापरायचं म्हणून!"

"हो. तेच वापरलं."

 जावयाला मराठी कमी कळतं. त्यानं तिला काय झालं म्हणून विचारलं. ती सांगायला लागली आणि तिला सांगता येईना.

सिस्टरनी हे सांगून मला विचारलं, "तू भाषा शिकलीस. तू सांग. चूक कुणाची?"

 त्यांनी फार वाट बघितली नाही. उठून चहाचे कप विसळायला गेल्या.

आता त्यांना काम मिळत नाही. मध्ये एका घरी मिळालं होतं, अंथरुणाला खिळलेल्या एका आजींकडे. पहिल्याच दिवशी सुनेनं सांगितलं, "बाकी सगळं तुम्ही करा. फक्त पाणी आम्ही देत जाऊ त्यांना." ती वाईट बाई नव्हती, असं सिस्टर म्हणतात. घाबरली होती. दुपारी सून झोपली आणि आजींनी पाणी मागितलं. सिस्टर सुनेच्या दारावर टकटक करत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्या कामावर गेल्या नाहीत.

मास्तरांचं घर बंद आहे. किल्ली सिस्टरकडे होती, ती त्यांनी ताईच्या सांगण्यावरून शेजारी दिली. द्यायला आल्या तेव्हा मी त्यांच्याबरोबर होते. माझ्याकडे आत येता का, मी विचारलं. नको म्हणाल्या. जिन्यात बसल्या आणि येतानाच्या प्रवासाचं सांगायला लागल्या.

ताईनं दोन्ही तिकिटं जाता-येताची काढली होती. मास्तरांचं परतीचं रद्द करायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. विमानतळाच्या दारात एक माणूस चाकाची खुर्ची घेऊन उभा होता. त्याच्या हातातल्या कागदावर मास्तरांचं नाव होतं. सिस्टरनी मान हलवून नाही म्हटलं. वर बोट दाखवलं. तो वर बघायला लागला. पुन्हा कागद दाखवला, सिस्टरचं तिकीट बघितलं, जोडीचं तिकीट, हिचीच खुर्ची असणार असं त्याला वाटलं. सिस्टरचे पाय अजून लटपटत होते. त्यानं दोन्ही हातांनी त्यांना धरून खुर्चीत बसवलं, पाय उचलून फळीवर ठेवले आणि मांडीवरून पट्टा लावला.

"मग?"

"मग काय? ढकलत नेलं. रांगेतले लोक बाजूला होत होते. एकीनं तर मला हात जोडले. उतरले तिथंही खुर्ची तयार. पार बाहेर आणून सोडलं गं मला."

त्या जिन्याच्या कठड्याला धरून उठल्या आणि खाली निघाल्या.