घोलपला लागलेला मुका मार

नोकरीची शेवटची वर्षं मला घरच्याच गावात, बडोद्याला मिळाली. छावणीतल्या दवाखान्यात, म्हणजे एमआय रूममध्ये, मी नर्सिंग असिस्टंट होतो. सकाळी सिक रिपोर्टला आलेले आजारी जवान, मग ड्रेसिंग आणि इंजेक्शनं, दुपारी जवानांच्या फॅमिलीज.

डोक्याला मुका मार लागलेले सगळ्या वयाचे यायचे. क्वार्टर्समधली पोरं हिंचक्यावर झोके घेताना पडायची, उत्तराणला, म्हणजे संक्रांतीला, पतंगामागे गच्चीवरून. जवान बॉक्सिंगमध्ये आणि अडथळे पार करायच्या ऑब्स्टॅकल कोर्सवर आपटायचे. निजामपुऱ्याकडे पेन्शनर वाढले, तसे न्हाणीघरात घसरलेले म्हातारेही वाढले. पोराला आई कडेवर घेऊन धावत यायची, म्हाताऱ्याला सून रिक्षातून आणायची. जवान एकटा चालत यायचा. चालत आला म्हणजे धडधाकट आहे, असा आमच्या फौजी शहाण्यांचा हिशेब.

शिपाई भरत घोलप सिन्नरकडचा, जेमतेम विशीचा. ऑब्स्टॅकल कोर्सच्या दोरावरून डोक्यावर पडला. उठला आणि चालत एमआय रूममध्ये आला.

"उस्ताद, माझी बारी कधी?" त्याने मला विचारलं.

"झाली तुझी बारी. पडलास तू."

"बरं. माझी बारी कधी?"

मेडिकल ऑफिसरांनी त्याला पूर्ण विश्रांती लिहून दिली. दुसऱ्या दिवशी कंपनी हवालदार मेजरने त्याला बराकीतून ओढून मैदानात उभं केलं.

"काल तर चालत गेलास!"

"मेजर साब, गरगरतंय."

"गरगरतंय? उलटा घुमा देंगे. फ्रंट रोल, शुरू!"

मी धावत गेलो. "मेजर साब, डॉक्टरांनी रेस्ट दिलीय."

"तू तुझ्या सुया उकळ."

घोलप कोलांट्या मारत राहिला. कंपनी हसत होती. तो ओकला. "और!" पुढच्या कोलांटीनंतर तो उठलाच नाही.

मिलिटरी हॉस्पिटलमध्ये तो शुद्धीवर आला नाही. चौकशीत 'प्रशिक्षणातला अपघात' ठरला. हवालदार मेजर यथावकाश नायब सुभेदार झाला. आजही त्या माणसाची मला चीड येते.

पण घोलप आठवतो तो त्याच्या वडिलांमुळे. तार मिळताच ते निघाले, तरी पोचले तेव्हा तो गेलेला होता. शवविच्छेदन व्हायचं होतं. मी त्यांना शवागारात नेलं आणि चादर बाजूला केली.

"कुठं लागलं ह्याला?"

मी केसांतली जागा दाखवली. त्यांनी ती दोन्ही हातांनी चाचपली. मग कानामागे, मानेपर्यंत. मग पुन्हा पहिल्यापासून.

"इथं तर काहीच लागलेलं नाही, साहेब," ते म्हणाले. "मग उठवा की त्याला."