तीनदा पुकारलेलं लग्न

डॉर्कस टायसन रेशीम शिवायची, आणि जिच्यासाठी शिवायची तिच्यावर मनातून जळायची. आमच्या बॅरो गावच्या गोदीत, पाण्यात रोवलेल्या खांबांवर एक अवाढव्य शेड उभी होती आणि तिच्यात आरमाराची पहिली हवाई नौका तयार होत होती. आत हलक्या धातूचा सांगाडा, त्यात वायूच्या पिशव्या, वरून रेशमाचं आवरण. ते आवरण शिवणाऱ्या बायकांत डॉर्कस होती, आणि सांगाड्याचे रिव्हेट ठोकणाऱ्यांत विल्फ कॅसन. या दोघांचं लग्न ठरलेलं होतं. ठरलेलंच होतं, बरं का. व्हायचं नाव नाही!

"सवतीचे कपडे शिवतेस, आणि तेही इतक्या बारीक टाक्यानं?" शेजारच्या मशिनीवरच्या फेलबाई चिडवायच्या.

"उघडी फिरली तर माझाच नवरा बघत बसेल," डॉर्कस म्हणायची, आणि बायका हसून लोळायच्या. घरी जाताना मात्र त्याच हसण्यानं तिचं डोकं फिरायचं.

विल्फ माणूस वाईट नव्हता. दारू नाही, जुगार नाही, पगार आईच्या हातात. पण खूळ एकच. "ती एकदा उडू दे, डॉर्कस. उडाली की आठ दिवस सुट्टी देणारेत. मग लगेच लग्न." हे ऐकून ऐकून तिचे कान किटले होते.

आमच्याकडे लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये दोघांची नावं पुकारतात आणि कोणाची हरकत आहे का विचारतात. त्यानंतर तीन महिन्यांत बार उडवला नाही, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या उन्हाळ्यात गार्नेट पाद्र्यांनी नावं पुकारली, कारण नौका त्या उन्हाळ्यात उडणार होती. मग वरून निरोप आला, हे बदला. ते बदललं तर म्हणे, आता तेही बदला. तीन महिने गेले, पानं गळली, नौका शेडमध्येच.

पुढल्या वर्षी वसंतात नावं दुसऱ्यांदा पुकारली. डॉर्कसनं लग्नाचा, सुक्या मेव्याचा, महिनोन्महिने टिकणारा केक भाजून डब्यात घालून ठेवला. मे महिन्यात नौका खरोखरच शेडबाहेर आली! गोदीच्या पाण्यावर, खांबाला नाक बांधून, वाऱ्यात मजेत डोलत राहिली. अख्खं गाव धक्क्यावर लोटलं. खोटं कशाला बोला, डॉर्कसलाही भरून आलं. उन्हात चकाकणारं ते रुपेरी अंग तिच्याच हातचं होतं.

पण वजन! आरमाराला नांगर हवा, दोरखंड ओढायचं यंत्र हवं, साहेबलोकांना आत राहायला जागा हवी. आणि आमचं गाव पडलं जन्माचं जहाजं बांधणारं, मागितलं ते सगळं मजबूत करून दिलं. एवढं लटांबर घेऊन ती हवेत कशी जाणार? नेली परत शेडमध्ये. हे काढा, ते कापा, सुरू.

डॉर्कसचा बाप जॉन्टी. जन्मभर बॉयलर ठोकून त्याचे दोन्ही कान गेलेले. रोज संध्याकाळी ती दारात पाऊल टाकते न टाकते तोच हा ओरडायचा, "उडाली का गं?"

"नाही बाबा!"

"काय?"

"नाही उडाली!"

गल्लीभर जाहीर व्हायचं. ऑगस्टमध्ये दुसरी मुदतही संपली, त्या दिवशी तिनं डबा उचलला आणि केक शिवणखात्यात वाटून टाकला. फेलबाईंनी दोन तुकडे खाल्ले आणि त्या दिवशी चिडवलं नाही.

"आता तळाचा कणाच काढलाय," सप्टेंबरात विल्फ सांगत आला. त्याचे डोळे लुकलुकत होते. "पिसासारखी जाईल बघ. सांग पाद्र्यांना."

"मे महिन्यात हेच म्हणालास."

"या वेळी नक्की गं."

तिनं पुन्हा सांगितलं. काय करणार, जीव होता त्याच्यावर. पहिल्या रविवारी नावं वाचताच मागच्या बाकांवर खोकल्याची साथ आली. दुसऱ्या रविवारी विल्फ चर्चमध्ये नव्हताच. नौका बाहेर काढायची होती, सगळे गडी शेडवर. आणि वारा सुटलेला.

दुपारी आरडाओरडा ऐकून डॉर्कस धक्क्यावर धावली. नौकेची पाठ मधोमध मोडली होती. दोन्ही टोकं वर उचललेली, मध्ये खड्डा, आणि तिचं सगळं रेशीम टराटरा फाटून पाण्यात लोंबत होतं. आतली माणसं पाण्यात उड्या टाकून बाहेर पडली होती, सगळी जिवंत. विल्फ भिजून कुडकुडत कडेला उभा होता. तिनं आपली शाल त्याच्या खांद्यावर टाकली आणि दंड धरला.

"चल घरी. जीव वाचले ना, झालं तर मग. पुढच्या रविवारी तिसरी हाक, सोमवारी लग्न. सुट्टी नको, केक नको, काही नको."

विल्फनं तिच्याकडे पाहिलंच नाही. "दुसरी बांधतील," तो पुटपुटला. "चुका कळल्यात आता. ती हलकी असेल. ती एकदा उडू दे, डॉर्कस, मग..."

तिनं दंड सोडला. घरी आली तेव्हा जॉन्टीनं नेहमीसारखं विचारलं, आणि ती सरळ चुलीसमोर जाऊन बसली.

तिसऱ्या रविवारी चर्च गच्च भरलं. गार्नेट पाद्र्यांनी नावं वाचली. "या दोघांच्या विवाहाला कोणाची हरकत असेल, तर त्यानं सांगावं."

डॉर्कस उठली. "माझी आहे."

"बाळ, तुझी? कसली हरकत?"

"त्याचं आधीच लागलंय, पाद्रीसाहेब. गोदीतल्या तिच्याशी. आता ती मेली, तरी हा विधुर व्हायला तयार नाही."

कुणी हसलं नाही. सगळ्या माना विल्फकडे वळल्या. तो लालबुंद होऊन उभा राहिला. डॉर्कसनं बाकाची कड घट्ट धरली. एक शब्द, बस, एकच शब्द बोलला असता तरी ती खाली बसली असती.

"मेली नाही!" विल्फ तळमळून म्हणाला. "पाठ मोडलीय नुसती. अर्ध्याहून जास्त सांगाडा शाबूत आहे!"

मग मात्र हशाचा कल्लोळ उठला. जॉन्टी कानाला हात लावून इकडेतिकडे बघत होता. "काय म्हणाला गं तो?"

"नाही म्हणाला, बाबा!" डॉर्कस ओरडली, आणि हातमोजे घालून दाराकडे निघाली.