गळका डबा आणि कृत्तिका

दुष्काळात आभाळ स्वच्छ आहे म्हणून मनातल्या मनात खूश होणारा, आणि खूश झाल्याबद्दल लगेच कान पकडणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच होता; तो नेमका माझ्या आत्याचा नवरा निघाला, आमचे मामा. मामा बेंबळीला दूध संस्थेत फॅट तपासायचे, पण जीव सगळा चांदण्यांचे फोटो काढण्यात. पाइपलाइनच्या तुकड्याला चष्म्याच्या दुकानातली भिंगं बसवून त्यांनी दुर्बीण केली होती. गावाबरोबर तेही पावसासाठी हात जोडायचे, वर हळूच म्हणायचे, "ढग येऊ दे देवा, फकस्त दिवसाउजेडी." संध्याकाळी दूध घालायला आलेल्यांना ते आधी चंद्र दाखवत. एका म्हातारीनं बराच वेळ डोळा लावला नि म्हणाली, "अगं बया, तितं बी दुष्काळच की! टँकर तरी जातो का न्हाय?" मामा आठवडाभर हे ज्याला त्याला सांगत सुटले.

मी घराण्यातला पहिला बी.एस्सी., तोही फिजिक्स घेऊन. मामांना विज्ञान समजावणं हे आपलं कर्तव्यच, असा माझा समज. तारे पश्चिमेला सरकतात, तेव्हा कॅमेराही तसाच सरकवला पाहिजे, हे मी त्यांना पाऊण तास सांगितलं नि दुर्बिणीची दोरी पूर्वेकडं बांधली. मामांनी ती सोडून पश्चिमेला बांधली. "पुस्तकात उलटं छापलं आसंल," एवढंच म्हणाले.

ती दोरी म्हणजे त्यांचा खरा शोध. तेलाच्या डब्याला तळाशी बारीक भोक, आत पाणी, पाण्यावर लाकडाचा ठोकळा. पाणी थेंबथेंब गळे, ठोकळा उतरे, नि त्याची दोरी दुर्बिणीला, पाठीवर बांधलेल्या कॅमेऱ्यासकट, ताऱ्यांच्या चालीनं ओढी. पाणी टँकरचं. खाली घमेलं ठेवून सगळं माघारी आणायचं, ही आत्याची अट.

त्या हिवाळ्यात रोलात एकच फोटो उरला होता. पुढचा रोल कधी, ते मामांनाही माहीत नव्हतं. त्यांना कृत्तिका हव्या होत्या, रेघा नव्हे, टिंबं. आजवर रेघाच मिळाल्या होत्या. कॅमेरा अर्धा तास उघडा ठेवायचा होता. निम्मा वेळ गेला नि दुधाच्या गाडीत कॅन चढवायला मामांना हाक आली.

"बीएस्सी, कशाला हात लावू नकोस. नुसता बस."

बसलो. अंधारात टप, टप. आमच्याकडं घागर पाझरली तरी आई झोपेतून उठायची; मी वाढलोच तसा. खिशातलं एसटीचं तिकीट चावून बोळा केला नि भोक पक्कं बुजवलं. वर समाधानानं हात झटकले.

मामा परतले. "थेंब थांबला कसा काय रं?"

"मी बुजवलं. पाणी वाया चाललं होतं."

वाक्य पुरतं तोंडाबाहेर पडलं, तेव्हा कुठं फिजिक्स आठवलं.

आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घातली. मामा शेजारी टेकले. म्हणाले, "तुला गळताना बघवलं न्हाय. मला मातर रोज बघवतंय. माझंच कुठंतरी चुकतंय."

धुऊन आलेल्या फोटोत सहा टिंबं होती, प्रत्येकाला एक शेपूट. टिंबं मामांची, शेपट्या माझ्या. पुढं त्यांनी डब्यात पाण्याऐवजी वाळू भरली. ती अडकत गळे नि तारे वेडेवाकडे उमटत. दोन वर्षांनी विहिरी भरल्या, तेव्हा मीच घागर घेऊन त्यांच्यापुढं उभा राहिलो. म्हटलं, मामा, आता भरा डबा. त्यांनी घागरीत हात बुडवला, जरा वेळ तसाच ठेवला.

"आत्याला नेऊन दे," म्हणाले. "मला वाळूची सवय झालीय आता."