धूर सरकला पाहिजे

आमची अकोल्याची आत्या कॉम्प्युटरवर मारामारीचा गेम खेळायची, पण तिनं त्यात कधी कोणाला मारलं नाही. शत्रू समोर आला की ही त्याच्या बाजूनं शांतपणे चालू लागायची, गोळ्या खायची, मरायची आणि पुन्हा पहिल्यापासून हिंडायला लागायची. कृषी विद्यापीठाच्या नोकरीत सारा जन्म प्रयोगाच्या वावरांतून पायी फिरलेली बाई. निवृत्त झाली आणि दोन्ही गुडघे गेले. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मुलगी पुण्याला जाताना आपला कॉम्प्युटर घरीच ठेवून गेली, त्यावर आत्या फिरायला शिकली.

तिला त्यातलं आवडायचं काय, तर हलणारे पडदे, उडणारे कागद आणि धूर. हे सगळं खऱ्यासारखं हलवायचं गणित कॉम्प्युटरमधलं चित्रं काढणारं ग्राफिक्स कार्ड करतं, त्या गणितालाच फिजिक्स म्हणतात. माझं अमरावतीत कॉम्प्युटरचं दुकान. पोरं रोज विचारतात, दादा, कार्डातल्या त्या फिजिक्सचा काही फायदा असतो का? माझं उत्तर तयार असायचं : काडीचाही नाही, बंद करा, गेम पळेल. आत्यालाही एकदा हेच ऐकवलं. ती म्हणाली, "तू जिंकायले खेळतं. मले कायची घाई हाय?"

डॉक्टर गुडघे बदला म्हणत होते. दोन वर्षं ही नाहीच म्हणत होती. मामाजी, म्हणजे तिचे यजमान, विनवून थकले. विषय निघाला की ती स्क्रीनकडे बोट दाखवायची आणि म्हणायची, मी तर रोज हिंडून राहिली.

दिवाळीला मी मोठ्या प्रेमानं तिच्या कॉम्प्युटरमध्ये नवं कार्ड बसवलं. आणि तिथंच फसलो. नव्या कार्डांनी जुन्या गेमचं ते गणित करणंच सोडून दिलंय. फिजिक्स चालू केलं की गेम रांगायला लागला. मी ते गुपचूप बंद केलं, जुनं कार्ड पिशवीत टाकलं आणि अमरावतीला आलो. म्हटलं, आत्याला काय कळतंय. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

आठ दिवसांनी फोन आला.

"काय केलं रे तू? पयले मी धुरातून गेली का धूर सरकत होता. आता मी गेली काय अन् न गेली काय, धुराले पत्ताच नाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शोधाशोध केली, तेव्हा कळलं की दोन्ही कार्डं एकत्र बसवता येतात. चित्र नव्यानं काढायचं, धूर जुन्यानं हलवायचा. रविवारी सकाळची गाडी पकडून अकोला गाठलं, तर मामाजी जिन्यातच उभे. आत्या दोन दिवसांपूर्वी ऑपरेशनला हो म्हणाली होती, तारीखही मिळाली होती. त्यांनी अक्षरशः हात जोडले. म्हणाले, "आता ते दुरुस्त नको करू बावा. पुन्हा नाही म्हणन ती."

त्यांचं खोटं नव्हतं. पण तिला एकदा फसवून झालं होतं, पुन्हा फसवायला जीव धजेना. वर गेलो, दिवाळीला काय केलं ते तिला सरळ सांगितलं आणि कार्ड बसवलं.

आत्या धुरातून गेली. धूर सरकला. वळून पुन्हा गेली, पुन्हा सरकला. मामाजी भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"मस्त झालं," ती म्हणाली. "पण दवाखान्याची थैली भरून हाय, ते तशीच राहू द्या. याच्यात आठ दिवस काई सरकलं नाई तं इतकं लागलं मले. बाहेर तं दोन वर्स झाले, माह्यानं एक पान हाललं नाई."

मामाजींनी डोळे पुसले. मीही पुसले, लपवायचं काय त्यात.

ऑपरेशन झालं. व्यायाम करवून घेणाऱ्या पोरीला तिनं महिनाभर शिव्या घातल्या आणि महिनाभर तिलाच डबाभर चिवडा खाऊ घातला. पोरं दुकानात अजून तोच प्रश्न विचारतात. मी म्हणतो, आधी सांगा, तुम्ही खेळता कशासाठी? पोरं एकमेकांकडे बघतात, दादाचं डोकं फिरलं म्हणतात.

मागच्या महिन्यात भरदुपारी घराची बेल वाजली. दार उघडलं तर समोर आत्या. एकटी, एसटीनं, कोणाला न सांगता, आमचा जिना चढून आलेली. मी दारातच आ वासून उभा.

तिनं हातातली पिशवी माझ्या पोटाला लावली आणि म्हणाली, "सरक ना बाजूले."

मी सरकलो.