रिकाम्या नाथसागराचं चित्र

मुकुंदवाडीतल्या आमच्या गल्लीत नळाला पाणी आलं की अण्णा, म्हणजे माझे वडील, दारात उभे राहून जाहीर करायचे, "आलं बघा, आमच्या गावावरनं." त्यांचं गाव जायकवाडी धरणाच्या पाण्यात गेलं होतं आणि अख्खं शहर तेच पाणी पितं, असा त्यांचा सरळ हिशेब. पाहुण्याला तांब्या देतानाही हेच ऐकवायचे. शहर वाढत गेलं, नळाच्या पाळ्या लांबत गेल्या, पण अण्णांचा तोरा काही उतरला नाही.

तो तोरा माझ्यातही आलाय, हे आधीच सांगते. मी चित्रकार. निसर्गचित्रात माझा हात धरणारं शहरात कुणी नाही असं मला वाटायचं, अजूनही वाटतं. फक्त नाथसागर, म्हणजे धरणामागचा तो अफाट जलाशय, मला दाद देत नव्हता. काठावर उभं राहिलं की छाती दडपायची आणि कागदावर मात्र गावतळं उतरायचं. अण्णा चित्र बघून म्हणायचे, "ह्यात म्हशी लई छान बसतील."

मग दुष्काळाची वर्षं आली. सागर आटला आणि बुडालेल्या गावांच्या खुणा वर आल्याचं कानावर आलं. अण्णांनी पैठणची एसटी धरली. रंगांची पेटी घेऊन मीही निघाले.

काठावरून जिथवर नजर जाईल तिथवर भेगाळलेला काळा गाळ होता. झाड नाही, घर नाही, सावली नाही. भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला. भीती वाटत होती आणि नजर हटत नव्हती. भरलेला सागर मी कितीदा पाहिला होता, पण तो केवढा आहे हे मला त्या दिवशी कळलं.

"मारुतीचं देऊळ तिकडं व्हतं," अण्णांनी धोतर खोचलं. "तू काढ. पण मला घे चित्रात. फेट्यासकट." आणि ते चालू लागले. चालता चालता लहान होत गेले.

माझ्या बाटलीत टँकरचं खारट पाणी होतं. रंग वाळला तसे त्यावर क्षाराचे पांढरे डाग उठले. एरवी मी कागद फाडला असता. पण समोरच्या गाळावरही तसाच पांढरा थर होता, म्हणून ते डाग राहू दिले. शेवटी अगदी वर, कुंचल्याच्या टोकानं एक ठिपका दिला. ते अण्णा. तो ठिपका पडला आणि कागदावरचा तळ पसरत गेला. इतक्या वर्षांनी नाथसागर माझ्या हाती लागला होता.

अण्णांनी बघायच्या आतच चित्र प्रदर्शनासाठी फ्रेमिंगला गेलं. इकडे अण्णांनी गल्लीभर सांगून टाकलं, "लेकीनं माझं चित्र काढलंय. प्रदर्शनात लागणार हाय." मी आईला ठिपक्याचं सांगितलं तर म्हणाली, "काढ की जरा मोठं. बापाचा मान राख." फेटा, मिशा, सगळं मला जमलं असतं. पण अण्णा मोठे झाले की सागराचं परत गावतळं झालं असतं. मी हात लावला नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी अण्णा कडक फेटा बांधून आले, सोबत निम्मी गल्ली. चित्रासमोर सगळे थांबले. शेजारच्या काकांनी विचारलं, "अण्णा, तुम्ही कुठं हाव ह्यात?" अण्णांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं, मागे सरून पाहिलं. मी पुढं होऊन काचेवर बोट ठेवलं. "हे तुम्ही."

काका हसले. "पोरीनं मुंगी केली की तुमची."

अण्णा हसले नाहीत. पुन्हा काचेपाशी वाकले. आता चारचौघांत माझा उद्धार होणार म्हणून मी मान खाली घालून उभी राहिले.

"हसतो काय," ते काकांना म्हणाले. "हा ठिपका म्हंजे मी. अन् बाकीचं हे सगळं, तुमच्या शहराला आम्ही दिलेलं."

तेवढ्यात एक अनोळखी बाई चित्रापाशी आल्या. अण्णांनी त्यांना दाखवायला आधी ठिपक्याकडे बोट केलं, मग माझ्याकडे.