गिरणाकाठच्या आठ खाटा

आमच्या हिच्या पाठीवरची जखम मला दिसली ती एका सकाळी अंग पुसताना. कमरेच्या खाली, माकडहाडावर, लिंबाएवढी. कडा काळसर आणि मध्ये ओलं. हिने कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी कूस वळवून पाहिलं नव्हतं. मुंबईच्या मोठ्या दवाखान्याने "आता घरीच न्या" म्हणून पाठवल्याला दीड महिना झाला होता. गर्भाशयाचा कर्करोग पुढे सरकला होता, आणि आता करण्यासारखं काही नाही, हे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. जळगावच्या आमच्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच. मुलगी सुरतेला, तिला सातवा महिना लागलेला. मी निवृत्त शाळा तपासनीस. तीस वर्षं दुसऱ्यांच्या कामातल्या उणिवा शोधल्या, त्यांच्या शेरेबुकात लिहिल्या, आणि माझ्या घरात, माझ्या हाताखाली, माझ्या माणसाची पाठ सडत होती ती मला दिसली नाही. त्या सकाळी मी पंचा पुन्हा पिळला आणि जखमेच्या कडा टिपू लागलो. ही म्हणाली, "असू द्या हो." तिच्या त्या तीन शब्दांनी मला जास्तच लाज वाटली.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या अखेरीची. मरणाऱ्या माणसाची शुश्रूषा करणारी वेगळी जागा असते, हे तेव्हा आमच्याकडे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. माणूस घरी मरायचा, नाहीतर दवाखान्यात. पण एका ओळखीच्या कंपाउंडरने सांगितलं, की भडगावला गिरणेच्या काठी, कापसाच्या जुन्या जिनिंगच्या चार खोल्यांत कुणी अक्का म्हणून बाई आहेत, त्या असली माणसं सांभाळतात. शेजारी कळलं तेव्हा कुजबुज झाली. आयुष्यभर जिने वाढलं, तिला परक्यांच्या दारी टाकणार का, असं एकजण तोंडावर म्हणाले. देवाधर्माचा आधार घ्यावा, तर तोही माझ्यापाशी नव्हता. घरात देव होते ते हिचे. ही धुळ्याकडची, हिच्या माहेरी कानबाई बसायची. नागपंचमीनंतरच्या रविवारी सजवलेल्या नारळाच्या रूपात देवी यायची आणि सोमवारी सकाळी नदीवर जायची. लग्नानंतर ही दर श्रावणात जाऊ म्हणायची, आणि दर श्रावणात माझ्या तपासण्यांच्या तारखा आड यायच्या. पुढे हिच्या भावांच्या वाटण्या झाल्या, माहेरची कानबाई बसायची थांबली, आणि ही विचारायचीही थांबली. मला तेव्हा बरंच वाटलं होतं. एक कटकट गेली, असं.

शेजारणीला हिच्याजवळ बसवून मी सकाळच्या एस. टी.ने भडगावला गेलो. जुन्या सवयीने वहीत रकाने आखून नेले होते. स्वच्छता, पाणी, उजेड, डॉक्टर, नोंदी. खोल्या सापडल्या. बाहेर पाटीसुद्धा नव्हती. आठ खाटा. संडास अंगणापलीकडे. डॉक्टर गावातले, एक दिवसाआड लुनावरून येणारे. रुग्णांच्या नोंदवहीत दोन दिवसांच्या नोंदी कोऱ्या. ओसरीच्या खांबाला शेळी बांधलेली. अक्का साठीच्या, ठेंगण्या, चौथी शिकलेल्या, पूर्वी दाईचं काम केलेल्या. त्या माझ्या प्रश्नांना एका शब्दात उत्तरं देत होत्या आणि मधेच उठून कुठल्यातरी खाटेकडे जात होत्या. शाळा तपासताना मुख्याध्यापक असा मधेच उठून गेला असता, तर मी तेही लिहिलं असतं. तासाभराने मी बाहेर पडलो तेव्हा शेरा मनात तयार होता : जागा योग्य वाटत नाही.

स्टँडवर आलो तर साडेबाराची जळगाव गाडी रद्द. फळ्यावर खडूने तसं लिहिलेलं होतं, पुढची गाडी तीनला. चडफडत बाकावर बसलो. शेजारी एक शेतकरी होता, धोतर, टोपी, मांडीवर खताची रिकामी गोणी घडी करून ठेवलेली. कुठून आलात, कशाला आलात, अशी विचारपूस झाली. मी नेहमी परक्याशी मोकळा होणारा माणूस नव्हे, पण त्या दिवशी सगळं सांगून टाकलं. जखमेचंही. त्यांच्या थोरल्या भावाने शेवटचे तीन आठवडे अक्कांकडे काढले होते, असं ते म्हणाले. पण त्यांनी जागेची स्तुती केली नाही. मी शाळा तपासायचो हे ऐकून त्यांनी मला एवढंच विचारलं,

"भाऊ, शाळा तपासाले जायेत तवय तुम्ही मास्तरले इचारेत का पोरेसले?"

मी म्हणालो, पोरांनाच विचारायचो.

"मंग? जेनं कोणीच नही, तेले दखा. जेवाना टाईमले दखा."

ज्याचं कुणीच नाही त्याला पाहा, जेवणाच्या वेळी पाहा. इतकं सोपं होतं, आणि तीस वर्षांचा तपासनीस ते विसरला होता. ज्याचे नातेवाईक येतात त्याच्याकडे कुणीही लक्ष देईल. मी वही पिशवीत टाकली आणि उन्हातून परत चालत निघालो.

या वेळी मी आवाज न करता ओसरीवर उभा राहिलो. कोपऱ्यातल्या खाटेवर एक म्हातारी होती. सकाळी मी तिच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं. सातपुड्याच्या पायथ्याच्या कुठल्याशा पाड्यावरची. मजुरीला आलेल्या टोळीबरोबर खाली उतरली, आजारी पडली आणि मागे राहून गेली. तिची पावरी बोली तिथे कुणाला धड कळत नव्हती. अक्का तिला भगरीची पेज भरवत होत्या. चमचा ओठांशी न्यायचा, थांबायचं, ती गिळेपर्यंत तिच्या गळ्याकडे पाहायचं, मग पुढचा. मी सवयीने घड्याळ पाहिलं होतं. अर्धी वाटी पेज संपायला पस्तीस मिनिटं लागली. अक्कांना मी दिसलो, पण त्या उठल्या नाहीत. "बठा भाऊ, हाई वाटी व्हई जाऊ द्या," एवढंच म्हणाल्या. मला तेव्हा दिसलं, की त्यांनी हातातल्या बांगड्या वर सारून चिंधीने दंडाशी बांधल्या होत्या. नंतर म्हातारीला कुशीवर वळवताना कळलं कशासाठी. तिला टोचू नयेत, आणि शेजारचा झोपलेला आवाजाने जागा होऊ नये. मी धीर करून म्हातारीची पाठ पाहू का, असं विचारलं. अक्कांनी लुगडं सारून दाखवली. तीन महिने अंथरुणाला खिळलेलं ते शरीर, हाडं मोजावीत इतकं वाळलेलं, आणि पाठ तान्ह्या मुलासारखी स्वच्छ. एक ओरखडा नव्हता. मला तिथेच रडू आलं. अक्कांनी म्हातारीचं लुगडं सारखं केलं. घेऊन या त्यांना, म्हणाल्या.

हिला नेलं त्याच आठवड्यात. पहिले काही दिवस मी तिथेही तपासनीसच होतो. दर दोन तासांनी वळवलं का, औषध वेळेवर दिलं का. मग हळूहळू विचारणं कमी झालं, कारण उत्तर हिच्या पाठीवर दिसत होतं. जखम कडांनी भरत आली. डॉक्टरांनी दुखण्याचं औषध असं बसवून दिलं, की पुष्कळ महिन्यांनी ही पुन्हा माणसांच्या गोष्टी करू लागली. माहेरच्या पांझरेच्या काठच्या, भावांच्या, लिंबाच्या झोपाळ्याच्या. मी ओसरीवर झोपायचो आणि दिवसभर हिच्या गोष्टी ऐकायचो. तीस वर्षांच्या संसारात ऐकल्या नव्हत्या इतक्या त्या दोन महिन्यांत ऐकल्या. आज मागे वळून पाहताना वाटतं, आमचा खरा संसार तिथेच झाला. कण्हणं, फिनेलचा वास आणि शेळीचं ओरडणं यांच्या मधोमध.

श्रावण लागला. ही एकदा सहज म्हणाली, कानबाईचे दिवस आले. अक्कांनी ऐकलं आणि रविवारी तिथे कानबाई बसवली. नारळाला नथ घातली ती हिच्या सांगण्यावरून, पडल्या पडल्या. कानबाईचे रोट, म्हणजे तिच्या नावाने दळलेल्या गव्हाचा प्रसाद, फक्त भाऊबंदकीतच खातात, परक्याला देत नाहीत. मी अक्कांना तसं म्हणालो. इथे तर आठ खाटांवर आठ जातींची माणसं. अक्का पिठाचा हात न थांबवता म्हणाल्या, "आठे बठ्ठा एकच घरना शेतस." इथे सगळे एकाच घरचे. ज्याला गिळवेल त्याने घास खाल्ला, ज्याला नाही त्याच्या ओठाला लावला.

सोमवारी सकाळी देवीला नदीवर न्यायचं होतं. हिने माझा हात धरला. "मला एकदा घाटापर्यंत न्याल?" आजवर कशासाठी हट्ट न केलेली बाई. पण रात्री पाऊस झाला होता. नदीकडची वाट काळ्या मातीची, घोट्यापर्यंत चिखल. बैलगाडीचे हादरे हिला सोसले नसते. मी आणि अक्का दोन म्हातारी माणसं, आणि हाताखालची एक बाई, खाट उचलणार कोण? नाही म्हणणं माझ्या जिवावर आलं होतं. आणि तेव्हाच, आयुष्यात पहिल्यांदा, मी त्या नथ घातलेल्या नारळाकडे पाहून मनात म्हणालो, आता तूच बघ बाई. माझ्याने होत नाही.

काय झालं ते जसं झालं तसं सांगतो. सकाळचं ऊन यावं म्हणून पावरी आजीची खाट ओसरीच्या कडेला ठेवली होती. ती आपल्या बोलीत स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती, रोजच्यासारखी. निंदणीला निघालेले चार मजूर कुंपणापलीकडून जात होते. ते थबकले. एकजण कुंपणाशी आला आणि त्याच बोलीत काही बोलला. म्हातारीने मान वळवली. तिचा चेहरा मी विसरणार नाही. चार महिन्यांनी तिच्या बोलीत कुणीतरी तिला उत्तर दिलं होतं. चौघं अंगणात येऊन तिच्या खाटेभोवती उकिडवे बसले. ती बोलत राहिली, ते ऐकत राहिले. मग तिने हात उचलून हिच्याकडे दाखवलं, कानबाईकडे दाखवलं, नदीकडे दाखवलं. तिला सगळं कळत होतं, आम्हालाच ते ठाऊक नव्हतं. मजुरांनी खुरपी ओसरीवर ठेवली, आणि न विचारता हिच्या खाटेचे चार पाय धरले.

पुढे डोक्यावर देवीचा पाट घेतलेल्या अक्का, मागे चौघांच्या खांद्यावर ही. अनवाणी पायांनी ते इतके जपून चालत होते, की खाट डुलत नव्हती. ही माझ्याकडे पाहून हसली आणि म्हणाली, "चौघांच्या खांद्यावरून जायची तालीम झाली बघा." मजूरही हसले, कळलं असो वा नसो. गिरणेला गढूळ पाणी होतं. अक्कांनी देवीला निरोप दिला, ओंजळभर पाणी आणून हिच्या पायांना लावलं. त्या दिवशी दुपारपर्यंत हिला दुखलं नाही. औषधाचा गुण म्हणा, मी वाद घालणार नाही. परत आल्यावर ते चौघं आजीजवळ थोडा वेळ बसले, कपभर चहा प्यायले आणि शेतावर गेले. आजीच्या पाड्याला ते निरोप देतील, असं खुणेने सांगून गेले. आणि खरंच, पुढच्या बाजाराच्या दिवशी तिचा पुतण्या पायी आला.

त्यानंतर ही वीस-बावीस दिवस होती. शेवटच्या आठवड्यात सुरतेहून तार आली, नात झाली. हिने ती तार उशाखाली ठेवायला लावली. एका दुपारी श्वास मंद झाला. मी घाबरून विचारू लागलो, काही हवं का, पाणी देऊ का, दुखतंय का, डॉक्टरांना बोलावू का. हिने डोळे उघडले. "काही विचारू नका आता," म्हणाली, "नुसते बसा."

मी बसलो. तिचा हात हातात घेऊन, काही न तपासता, काही न मागता. अक्का आल्या, त्यांनी पाहिलं आणि पलीकडच्या बाजूला जमिनीवर बसल्या. बाहेर शेळी रवंथ करत होती. तास गेला असेल, दोन गेले असतील. श्वास केव्हा थांबला ते मला नेमकं सांगता येणार नाही, आणि ते सांगता येत नाही याचं मला समाधान आहे. आयुष्यभर मी देवळाच्या बाहेर चपला सांभाळत उभा राहिलो. माझ्या हातून घडलेली पूजा ती एवढीच, त्या दुपारी बसण्याची. ती करवून घेणाऱ्यांचे उपकार फिटायचे नाहीत, आणि ते फेडण्याच्या विचारात मी आता पडत नाही.