कऱ्हेचे सात खडे

आमच्याकडे खड्यांच्या गौरी. आळीतल्या बहुतेक घरांत मुखवट्याच्या गौरी उभ्या राहतात, नव्या साड्या नेसून फराळाच्या ताटांमध्ये मिरवतात. आमच्याकडे मात्र नदीतले सात खडे. घरातल्या लेकीने तोंडात पाण्याची चूळ धरून नदीवर जायचं, खडे वेचायचे आणि वाटेत एक शब्दही न बोलता घरी आणायचे. बोललं तर गौर रुसते, असं आई म्हणते. तिसऱ्या दिवशी ते पुन्हा नदीत सोडायचे. माझ्यासारख्या बडबडीला ही शिक्षाच, आणि आई लहानपणापासून हे काम मुद्दाम मलाच सांगत आली.

बारामतीची म्हटलं की बाहेरगावचे लोक लगेच राजकारणावर येतात. मला त्याचा संताप येतो. आमचं गाव त्याआधी गुळाच्या आणि कापसाच्या पेठेचं होतं, आणि त्याच्याही आधी कऱ्हाकाठचं. खरं तर गावाला पाणी दोन. नीरेचा कालवा गावातूनच वाहतो. त्याच्यावर ऊस पिकला, बंगले उठले. कऱ्हेने तसं काही दिलं नाही. मोरगावाकडून इथवर येईतो ती निम्मी आटलेली असायची, आणि उन्हाळ्यात पोरं पात्रात क्रिकेट खेळायची. पण गणपती बुडवायचे तिच्यात, दहावा तिच्या काठी, गौरी तिच्या. पोट कालव्यावर भरायचं आणि ओटी नदीची भरायची, असं आमचं गाव. यात काही चुकतंय असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही, मलाही नाही.

मग नदीकाठ सुधारायचं काम निघालं. दोन्ही बाजूंनी दगडी भिंती, वर फरशी, रेलिंग, दिवे. संध्याकाळी लोक फिरायला येतात, फोटो काढतात. छान दिसतं, खोटं कशाला बोलू? गेल्याच्या आदल्या वर्षी एका ठिकाणी भिंत अर्धवट होती, तिथून मी खाली उतरले होते. घरी येऊन आईला म्हटलं, यंदाचे खडे डबीत ठेवू, दरवर्षी तेच पुजू. आई भडकली. "माहेरवाशीण आहे ती. डबीत कोंडायची तिला?"

आईचं वय सत्त्याऐंशी. दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. तिच्या मनातली नदी जुनीच आहे, गुडघाभर पाण्याची आणि गोट्यांची. गेल्या भाद्रपदात मी निघाले तेव्हा तिने माझा हात धरला. "या वर्षी नीट आण गं. पुढच्या वर्षी मी असेन नसेन."

मी चूळ धरून निघाले. नदीवर पोचले तर भिंतीची ती फट बुजलेली. रेलिंगवरून वाकून पाहिलं. खाली तळापर्यंत दगड बसवलेले आणि त्यावरून गढूळ पाणी चाललेलं. कुठून तरी उतरता येईल म्हणून मी या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन खेपा घातल्या. शेवटी पदर खोचला आणि एक पाय रेलिंगवर ठेवला.

"ओ ताई! खाली उतरा आधी!" वॉचमन धावत आला. सांगवीकडचा, साठीचा माणूस. "काय झालं? घरात भांडण झालं का?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग बोला की! असं जिवाचं काय करू नगा. पोरंबाळं हायती का न्हाय?" त्याने माझा दंड पकडला आणि दुसऱ्या हाताने फोन काढला. आता हा पोलिसांना बोलावणार, हे दिसत होतं. मला रडू यायला लागलं. मी चूळ थुंकले.

"खडे पाहिजेत हो. गौरीचे. नदीतले सात खडे."

तो ओशाळला. "आमच्याकडं मुखवटं असत्यात, आमाला काय म्हाईत? खडंच पायजेत व्हय? मग ही काय एवढी खडी पडलीया. सात काय, घमेलंभर न्या."

काँक्रीटसाठी आणलेला ढीग होता तो. यंत्राने फोडलेली काळी, धारदार खडी. त्यातल्या त्यात गोल सात तुकडे मी निवडले. त्याच्याच बाटलीतल्या पाण्याची चूळ भरली आणि घरी आले. इतकं लाचार मला कधी वाटलं नव्हतं.

आई उंबऱ्याशी बसली होती. गौर कशाच्या पावलांनी आली, असं आतून विचारायचं असतं. आता घरात आम्ही दोघीच, म्हणून प्रश्नही तीच विचारते आणि "सोन्यारुप्याच्या पावलांनी" असं उत्तरही तीच देते. मी खडे तिच्या ताम्हनात ठेवले. दूध-पाण्याने धुताना तिची बोटं थबकली. एकेक खडा तिने चाचपला.

"टोचतायत," ती म्हणाली. "वाटेत बोललीस ना?"

सगळं सांगता आलं असतं. भिंत, वॉचमन, तो ढीग. पण मग नदीही सांगावी लागली असती.

"हो," मी म्हटलं. "बोलले."

आईने चाचपडत सातही खड्यांना हळदकुंकू लावलं. एका खड्याने तिचं बोट जरा कापलं, ते तिने पदराला पुसलं.

"असू दे," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी नको बोलूस."

"नाही बोलणार," मी म्हटलं.